शिवी आणि शब्द : ‘बालक-पालक’, ‘फँड्री’ आणि लैंगिक शिक्षणाचा प्रश्न

गेल्या डिसेंबरात, महापरिनिर्वाण दिनाच्या आठवड्यात, मी आमच्या महाविद्यालयातील अकरावी-बारावीच्या मुलामुलींना दोन मराठी चित्रपट दाखवले. पहिल्या दिवशी रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’, दुसऱ्या दिवशी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. नंतर चर्चा ठेवली होती. चर्चेत कोणीही तोंड उघडले नाही. मुली वहीत मान घालून बसल्या, मुले एकमेकांना कोपराने ढोसून हसत राहिली. मग मी टेबलावर एक रिकामा खोका ठेवला आणि नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगितले. दुसऱ्या दिवशी खोका भरला होता. त्यातल्या तीन चिठ्ठ्या अजून माझ्या खणात आहेत.

पहिली : ‘शालूने जब्याला हो म्हटले असते, तर तिच्या घरच्यांनी त्याला जिवंत ठेवले असते का?’

दुसरी : ‘माझ्या आईची पिशवी काढली आहे. माझीपण काढावी लागणार का?’

तिसरी : ‘मुलाला मुलगाच आवडला तर तो आजार असतो का? मला वर्गात छक्का म्हणतात.’

किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, यावर आपल्याकडे बरीच शाई खर्च झाली आहे. अलीकडे त्याला ‘समावेशक’ हे विशेषणही लागले आहे. मला या विशेषणाची परीक्षा घ्यायची आहे. परीक्षेचे प्रश्न माझे नाहीत, या तीन मुलांचे आहेत. ज्या शिक्षणात या तिघांना उत्तर नाही, ते समावेशक कसे म्हणायचे?

प्रथम ‘बालक-पालक’विषयी. हा चित्रपट २०१३ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला आणि घराघरात पोचला. एका चाळीतली चार मुले. चाळीतली एक मोठी मुलगी अचानक निघून जाते आणि मोठी माणसे दबक्या आवाजात म्हणतात की तिने ‘शेण खाल्ले’. शेण खाणे म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. मग ही मुले स्वतःच शोध घेऊ लागतात. एक वयाने थोराड मुलगा त्यांना आधी पुस्तके आणि मग व्हीसीआरवरच्या चित्रफिती पुरवतो, आणि त्या शोधात त्यांची निर्मळ मैत्री डागाळते. आईबापांनी मुलांशी वेळेवर बोलावे, हे चित्रपटाचे सांगणे. ते त्याने हसतखेळत, कुठेही चावटपणात न घसरता सांगितले आहे. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मराठी पालक त्या चित्रपटाला मुलांना घेऊन गेले, ही लहान गोष्ट नाही.

पण हा चित्रपट पाहताना मला सतत जाणवत होते की हे दुःख माझ्या घरातले नाही. त्यातला प्रश्न मौनाचा आहे. घरात आई आहे, बाप आहे, दोघांना वेळ आहे, फक्त संकोच आड येतो. संकोच गेला की प्रश्न सुटला. माझे आईबाप ऊसतोडीला जात. कोपीत एकच खण आणि मध्ये आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. स्त्री-पुरुषांमध्ये काय घडते हे आम्हा भावंडांना सहाव्या-सातव्या वर्षीच कानांनी कळले होते. आमच्याकडे माहितीची वाण नव्हती. शब्दांची होती. शरीराच्या ज्या ज्या भागाला नाव होते, ते नाव शिवीतच ऐकलेले. मुकादम बापाला शिवी देई ती आईच्या शरीरावरून, बाप आम्हाला देई तीही आईच्या शरीरावरून. शाळेत गेल्यावर गुरुजींनी सांगितले की हे शब्द अश्लील आहेत, ते उच्चारायचे नाहीत. त्यांच्या जागी दुसरे शब्द मात्र त्यांनी दिले नाहीत. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रजनन संस्था’ आली. तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला गेला. घरी दिवा नव्हता.

पांढरपेशा घरातील मूल शांततेत वाढते, आमचे मूल शिव्यांत वाढते. दोघांनाही शब्द हवे आहेत, पण दोघांची गरज एक नाही. आजवरचे मराठी लैंगिक शिक्षण, मग ते चित्रपटातले असो की पुस्तकातले, पहिल्या मुलासाठी लिहिले गेले. ‘आईशी मोकळेपणाने बोला’, ‘स्वच्छ स्नानगृहात’, ‘आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या’ या वाक्यांमध्ये एक घर गृहीत आहे. त्या घराला दार आहे, दाराला आतून कडी आहे. ज्यांच्या घराला कडी नाही, त्यांनी काय करायचे?

आणखी एक गोष्ट. ‘शेण खाल्लेल्या’ त्या मुलीपासून चित्रपट सुरू होतो, पण तिच्यापाशी तो थांबत नाही. तिचे निमित्त होते आणि कथा चौघा मुलांची होते. येथे मला जोतीरावांची आठवण होते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाज ज्यांना शेण खाल्लेल्या म्हणत होता, अशा विधवांना त्यांनी बाळंतपणासाठी घर दिले आणि तिथेच जन्मलेल्या एका मुलाला दत्तक घेतले. त्या बाईचे पुढे काय होते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आपल्या परंपरेतले लैंगिक शिक्षण तिथून सुरू होते, हे आपण विसरलो.

आता ‘फँड्री’. २०१४ च्या १४ फेब्रुवारीला तो चित्रपटगृहांत आला. त्याला कोणीही लैंगिक शिक्षणाचा चित्रपट म्हटले नाही. जातीवरचा चित्रपट म्हणून त्याची समीक्षा झाली आणि ती योग्यच होती. पण मी त्याच्याकडे एका वयात आलेल्या मुलाची गोष्ट म्हणून पाहते, तेव्हा मला त्यात ‘बालक-पालक’पेक्षा खोलवरचे शिक्षण दिसते. कैकाडी घरातल्या जब्याला वर्गातली शालू आवडते. तो चेहऱ्याला पावडर लावतो, नाक सरळ दिसावे म्हणून धडपडतो, जीन्सची स्वप्ने पाहतो. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिची राख टाकली की मुलगी वश होते असे त्याला सांगितले गेले आहे. हे सगळे त्या वयात सर्वच मुले या ना त्या प्रकारे करतात. फरक इतकाच की जब्या आरशात पाहतो तेव्हा त्याला आपला चेहरा दिसत नाही, जात दिसते. आपले शरीर चुकीचे आहे, असे त्याला कोणी भाषण देऊन शिकवलेले नाही. ते त्याने गावाच्या नजरेतून उचलले आहे. शेवटी डुकरे धरताना शालू पाहील म्हणून तो लपतो. शरीराची लाज म्हणजे काय, हे त्या लपण्यात जितके कळते तितके कुठल्याही पाठ्यपुस्तकात कळणार नाही.

वयात येताना प्रत्येक मुलाला प्रश्न पडतो, ‘मी कोणाला आवडेन का?’ जब्याच्या प्रश्नाला आधी दुसरा प्रश्न चिकटलेला आहे : ‘मला कोणी आवडायची परवानगी आहे का?’

‘फँड्री’लाही मी प्रश्न विचारणार आहे, कारण आपल्या माणसाची कलाकृती म्हणून तिला सूट देणे हा तिचा अपमान होईल. सगळा चित्रपट जब्याच्या डोळ्यांनी पाहिला आहे. शालू त्याच्या नजरेचा विषय आहे. ती पाहिली जाते, तिच्या मनात काय आहे हे आपल्याला कळत नाही. गावाबरोबर ती हसते तेव्हा आपण दुखावतो, पण तिला वेगळे काही शिकवलेच कोणी होते? आणि वश करण्यासाठी राख हवी, या कल्पनेतच मुलीच्या होकाराला जागा नाही. जब्या लहान आहे, निष्पाप आहे, हे खरे. वर्गातील मुलांनी मात्र हा मुद्दा पकडला नाही. तो मला सांगावा लागला. मी विचारले, ‘राख सापडली असती आणि शालू वश झाली असती, तर ते प्रेम झाले असते का?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘नाही मॅडम, ती जबरदस्तीच झाली असती, फक्त दिसली नसती.’ संमती या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही.

आता पहिल्या चिठ्ठीकडे येऊ. ‘फँड्री’ प्रदर्शित होऊन अडीच महिनेही झाले नव्हते. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील, जामखेड तालुक्यातील खर्डा गावी नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित मुलगा मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, हे त्याच्या खुनाचे कारण सांगितले गेले. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने किंवा मुलीने चिठ्ठीत जे विचारले, त्याचे उत्तर महाराष्ट्राने आधीच देऊन ठेवले होते.

मग मला सांगा, वयात येणाऱ्या मुलांना ‘विरुद्ध लिंगी आकर्षण स्वाभाविक आहे’ एवढे सांगून शिक्षक मोकळा कसा होतो? स्वाभाविक असलेल्या गोष्टीसाठी जर एकाला कौतुक आणि दुसऱ्याला मरण मिळत असेल, तर तो धडा अर्धवटच नव्हे तर घातक आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात दाखवून दिले होते की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे ते टिकवण्याचे उपाय आहेत. म्हणजे जात ही स्त्रीच्या लैंगिकतेवर बसवलेल्या पहाऱ्यावर उभी आहे. जातीविषयी न बोलता लैंगिकतेविषयी बोलता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निबंध वाचलेला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला आहे.

कायद्याचेही तसेच. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. मुलांचे रक्षण हा त्याचा हेतू आहे आणि तो हवाच. आमच्या वस्त्यांतल्या किती मुलींना त्याची गरज आहे हे मी जाणते. पण सोळा-सतरा वर्षांची दोघे स्वखुशीने पळाली की मुलीचे नातेवाईक हाच कायदा घेऊन मुलाच्या दारी येतात, आणि मुलगा खालच्या जातीचा असला तर अधिक जोराने येतात. हे मुलांना सांगायला नको? भीती घालण्यासाठी नव्हे, तर आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत हे कळण्यासाठी.

दुसरी चिठ्ठी माझ्या घरातली आहे. ती ज्या मुलीने लिहिली तिला मी ओळखत नाही, पण तिच्या आईला ओळखते, कारण ती माझीच आई आहे, माझीच मावशी आहे. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर मिळते. एकट्या माणसाला किंमत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्ने उरकली जातात. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की दंड कापला जातो. पोटात दुखते म्हणून डॉक्टरकडे जावे तर डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. मोठ्या शहरातील सभागृहात ‘शरीरावर माझा हक्क’ असे म्हटले जाते, तेव्हा मला हा आकडा आठवतो. पिशवी कुठे असते, ती काय काम करते, अंगावरून पांढरे जाणे हे ती काढण्याचे कारण होऊ शकत नाही, काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असते, हे चौदाव्या वर्षी कळणे हे आमच्या मुलींसाठी लैंगिक शिक्षण आहे. आणि मजुरी, उचल, मुकादम हे शब्द त्या धड्यात यायलाच हवेत, कारण ती पिशवी आजाराने कमी आणि दंडाच्या भीतीने जास्त गेली आहे.

तिसरी चिठ्ठी हातात घेतली तेव्हा मला १९३४ साल आठवले. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून निघत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरील प्रश्नोत्तरांसाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच मार्ग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञाचा आधार घेतला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ध्यानात घ्या, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार या सगळ्या धामधुमीच्या वर्षांत बाबासाहेबांना हा खटला आपला वाटला. स्वतःच्या समाजातही निंदा होईल, याची त्यांनी पर्वा केली नाही. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाने मांडला, तोही फेटाळला गेला.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे गेली. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने शाळांतला तो कार्यक्रम थांबवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले, २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण २०२१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे यावर शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका ओरड होताच संकेतस्थळावरून उतरवली गेली. न्यायालय पुढे जाते, शाळा दार लावून घेते. आणि दाराबाहेर उभे राहते ते माझ्या वर्गातले मूल.

हे सारे सरकारचे दोष झाले. आता थोडे आपल्याविषयी. दलित साहित्याने ‘अश्लील’ या शब्दाची मक्तेदारी मोडली. ‘गोलपिठा’ने, ‘बलुतं’ने जे शब्द मराठीच्या ओसरीवर आणून टाकले, त्यांनी पांढरपेशा अभिरुचीला घाम फोडला. त्या शब्दांमुळेच माझ्यासारखीला वाटले की माझ्या घरची भाषाही लिहिता येते. पण त्या साहित्यात शरीर आले ते बहुतांशी जखम म्हणून. भुकेलेले शरीर, विकलेले शरीर, बाटवलेले शरीर. ते खरे होते आणि सांगणे भाग होते. मात्र चौदा वर्षांच्या मुलाच्या शरीराला कुतूहल असते, सुख असते, वेगळेपण असते, नकार देण्याचा हक्क असतो, हे आपण फार थोडे लिहिले. आणि आपल्या मोर्चात काय होते? अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतो. विरोधकाला ‘बायल्या’ म्हणतो. व्यासपीठावर बाबासाहेबांची तसबीर असते आणि माईकवर मनूची भाषा असते. सभेत मागे बसलेला तो तिसऱ्या चिठ्ठीतला मुलगा टाळ्या वाजवत असेल का? तो आपलाच मुलगा आहे. जातीची शिवी त्याला गाव देते, दुसरी शिवी त्याला आपण देतो. ज्या चळवळीने शिवीला नकार देऊन माणसाला नाव दिले, तिने हे करावे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. लैंगिक शिक्षण हवेच, पण ते शेवटच्या बाकापासून सुरू व्हावे. वस्तीगृहात राहणारा मुलगा, कोपीत राहणारी मुलगी, पाय अधू असल्याने जिला ‘हिला कशाला हवे हे ज्ञान’ म्हणून वगळले जाते ती, ज्याला छक्का म्हणतात तो, यांना आधी समोर बसवून धडा लिहा. ज्याला दार आहे, कडी आहे, त्याला तो धडा आपोआप कळेल. उलट्या दिशेने मात्र तो कधीच पोचत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

तीन चिठ्ठ्यांना मी वर्गात उत्तरे दिली. पहिलीला सांगितले, कदाचित ठेवले नसते, आणि म्हणून आपल्याला एकटे राहून चालणार नाही. कायदा, मित्र आणि संघटना बरोबर हव्यात. दुसरीला सांगितले, नाही, ते आईकडून वारशाने येत नाही, आणि फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढून दाखवली. तिसऱ्याला सांगितले, तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० मध्ये त्याला आजारांच्या यादीतून काढले. आजार असलाच तर तुला हाका मारणाऱ्यांच्या जिभेला आहे. त्या दिवशी वर्गात कोणी हसले नाही.

आठ दिवसांनी वरिष्ठांकडून मला पत्र आले. वर्गात अश्लील चर्चा केल्याबद्दल लेखी खुलासा करावा, असे त्यात होते. मी दोन पाने लिहिली. त्यात नवे काही नव्हते. जे नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या न्यायालयात सांगून झाले होते, तेच मी मराठीत पुन्हा लिहून काढले आणि खाली सही केली. निर्णय अजून आलेला नाही. खोका मी उचलून ठेवलेला नाही. हे वाचणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती की तुम्हीही वर्गात एक खोका ठेवून पाहा. चिठ्ठ्या येतील. आपण उत्तराला तयार आहोत का, एवढाच प्रश्न उरतो.